मांडीच्या हाडाचं फ्रॅक्चर: एस७२ की एम८०? कोडर, डॉक्टर, सगळ्यांनी बोलावं

चार्टवाली

नमस्कार. फिजिओथेरपीची पदवी घेऊन मी पुण्यात मेडिकल कोडिंगमध्ये आले, म्हणजे रुग्णाच्या नोंदी वाचून आजार आणि उपचारांना ठरलेले कोड द्यायचे. सध्या एका अमेरिकी रुग्णालयाचे इनपेशंट चार्ट बघते. ऑर्थोचा चार्ट आला की आमच्या टीममध्ये एकाच मुद्द्यावर दोन तट पडतात, म्हणून हा धागा. (रुग्णाची ओळख पटेल असं काहीही लिहिलेलं नाही. वय, बाजू, प्रसंग सगळं बदललंय.)

पंचाहत्तरीची बाई. स्वयंपाकघरात वळताना तोल गेला आणि फरशीवर पडली. डाव्या मांडीच्या हाडाचं इंटरट्रोकॅन्टरिक (आयटी) फ्रॅक्चर, म्हणजे खुब्याजवळच्या ट्रोकॅन्टर या उंचवट्यांपाशी. दुसऱ्या दिवशी नेल (हाडाच्या पोकळीत बसणारा रॉड) टाकला. ऑप नोटमध्ये (शस्त्रक्रियेच्या नोंदीत) सर्जननी 'पडल्यामुळे डावं आयटी फ्रॅक्चर' इतकंच लिहिलंय. भरती करताना मेडिसिनच्या डॉक्टरांनी घेतलेल्या हिस्टरीत, जुन्या आजारांच्या यादीत ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) आहे. औषधांमध्ये त्यावरची गोळी अ‍ॅलेंड्रोनेट आहे. पण हाड त्यामुळे मोडलं, असं कुठल्याच नोटमध्ये म्हटलेलं नाही.

एक तट म्हणतो, बाई पडली, हाड मोडलं, ही इजा आहे. इजेचा कोड एस७२.१४२ए लावा आणि ऑस्टिओपोरोसिससाठी एम८१.० जोडा. दुसरा म्हणतो, एकच कोड, एम८०.०५२ए, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेलं फ्रॅक्चर. मी दुसऱ्या बाजूची आहे, पण मला 'का' ते नीट समजून घ्यायचंय. ऑडिटरनी सांगितलं म्हणून, एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

पर्णिका

मी ओहायोत डॉक्युमेंटेशनचं काम करते. रुग्ण वॉर्डात असतानाच चार्ट वाचायचा आणि काही अर्धवट असेल तर डॉक्टरांना विचारायचं. तुमचा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे.

आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे अमेरिकेतल्या निदान-कोडच्या पुस्तकाच्या, गाइडलाइन्समधलं १३वं प्रकरण काढा, स्नायू-अस्थींचं. तिथलं म्हणणं असं: रुग्णाला ऑस्टिओपोरोसिस आहे हे माहीत असेल आणि फ्रॅक्चर झालं असेल, तर एम८० वापरा, इजेचा कोड नाही. किरकोळ पडणं किंवा मार असला तरीही. अट एकच. तेवढ्या मारानं निरोगी हाड सहसा मोडलं नसतं.

म्हणजे 'पडली' हा शब्द दिसला की एस७२, हे चूक आहे. पडणं हे निमित्त झालं. प्रश्न हाड कसं होतं हा आहे. आणि एम८१ची व्याख्याच मुळी 'ऑस्टिओपोरोसिस आहे, पण सध्या त्यामुळे झालेलं फ्रॅक्चर नाही' अशी आहे. एस७२च्या शेजारी एम८१ लावता, तेव्हा तुम्ही ठामपणे सांगत असता की या बाईचं हाड ठिसूळ आहे खरं, पण आजच्या मोडण्याशी त्याचा संबंध नाही. तुमच्या चार्टमध्ये असं कुठल्या डॉक्टरनी म्हटलंय?

रानवारा

पर्णिकाताई, गाइडलाइन मान्य. पण 'निरोगी हाड सहसा मोडलं नसतं' हे ठरवणार कोण? तो वैद्यकीय निर्णय आहे. कोडरनं तो घ्यायचा नाही, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलंय. उद्या हीच बाई जिन्याच्या दहा पायऱ्या गडगडत आली असती तर? किंवा गाडीनं उडवलं असतं तर? ऑस्टिओपोरोसिस तेव्हाही यादीत असताच.

माझं मत: चार्टमध्ये संबंध लिहिलेला नसेल तर क्वेरी करायची, म्हणजे डॉक्टरांना लेखी विचारायचं. स्वतःहून एम८० नाही.

पर्णिका

गाडीनं उडवलं असेल तर सरळ एस७२, तिथे ऑस्टिओपोरोसिस एम८१ म्हणूनच येईल. जिन्याच्या बाबतीत मीही क्वेरी करेन. पण उभ्या उभ्या सपाट फरशीवर पडणं आणि यादीत ऑस्टिओपोरोसिस, यावर बऱ्याच ठिकाणी थेट एम८० देतात, कारण गाइडलाइन नेमकी हीच परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहे. काही रुग्णालयांचं धोरण मात्र 'आधी विचारा' असं असतं. आपल्या क्लायंटचं लेखी धोरण काय आहे ते पाहून चालावं. आणि सर्जननी 'ट्रॉमॅटिक' (इजेमुळे) असा शब्द लिहिलाय आणि दुसऱ्या नोटमध्ये 'फ्रॅजिलिटी' (ठिसूळ हाडामुळे) आहे, अशा विसंगतीत क्वेरीशिवाय मार्गच नाही.

एक गोष्ट मात्र कधीच चालत नाही. निदान कुठेच नाही, फक्त अ‍ॅलेंड्रोनेट दिसतंय, म्हणून ऑस्टिओपोरोसिस धरून चालणं. औषधावरून आजार कोड करायचा नाही. तसंच ऑस्टिओपेनिया (हाडं थोडीच विरळ होणं) लिहिलं असेल तर त्याला ऑस्टिओपोरोसिस समजायचं नाही.

अस्थिवैद्य

मी नाशिकला ऑर्थोपेडिक सर्जन आहे. कोडिंग मला येत नाही, पण माझी पुतणी हेच काम करते, त्यामुळे धागा शेवटपर्यंत वाचला. डॉक्टर असं अर्धवट का लिहितात, ते आमच्या बाजूनं सांगतो.

साठी-पासष्टीच्या पुढची व्यक्ती स्वतःच्या उंचीवरून पडली आणि खुब्याशी हाड मोडलं, तर आमच्या दृष्टीनं ते फ्रॅजिलिटी फ्रॅक्चरच. हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचा टी-स्कोर उणे २.५ किंवा त्याखाली असला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात हे खरं, पण खुब्याचं असं फ्रॅक्चर झालेल्या रुग्णाला आम्ही स्कॅनची वाट न बघता ऑस्टिओपोरोसिसच समजतो. हे आम्हाला इतकं उघड वाटतं की लिहायचं राहून जातं. ऑप नोट सांगताना डोक्यात वेगळंच चालू असतं: ट्रॅक्शन टेबलवर रिडक्शन (हाड जागेवर आणणं) कसं मिळालं, लॅग स्क्रू हाडाच्या डोक्याच्या मध्यभागी बसला का, टिप-एपेक्स (स्क्रूचं टोक ते डोक्याचा शेंडा) अंतर २५ मिलिमीटरच्या आत आहे का. हाड किती मऊ लागलं हे गाइडवायर घालतानाच हाताला कळतं. तो अनुभव कागदावर उतरत नाही.

कोडरला एक्स-रे दिसत नाही, फक्त आमचे शब्द दिसतात, हे किती डॉक्टरांना ठाऊक असेल, मला शंका आहे. मला स्वतःला पुतणीमुळे कळलं.

चार्टवाली

डॉक्टर, खूप आभार. हे वाचून मला पहिल्यांदा पटलं की गाइडलाइन लिहिणाऱ्यांनी तुमचीच विचारपद्धत शब्दांत मांडलीय.

पण एम८०.०५२ए दिला की आणखी एक गोष्ट मला खटकते. एस७२ मध्ये केवढा तपशील आहे! एस७२.० म्हणजे डोकं आणि मान, एस७२.१ ट्रोकॅन्टरचा भाग, एस७२.२ त्याच्या खालचा, एस७२.३ मधला दांडा, एस७२.४ गुडघ्याकडचं टोक. दांड्यातही आडवं, तिरकं, पिळाचं, चुरा झालेलं, दोन ठिकाणी तुटून मधला तुकडा सुटा झालेलं, सगळं वेगळं. एम८० मध्ये मात्र 'डावं मांडीचं हाड' एवढंच. मानेशी मोडलं की ट्रोकॅन्टरपाशी, काही कळत नाही.

पर्णिका

बरोबर, तो तपशील निदानाच्या कोडमध्ये हरवतो. प्रोसिजरच्या कोडमध्ये थोडा परत मिळतो, कारण पीसीएस या शस्त्रक्रियांच्या कोडच्या पुस्तकात मांडीच्या हाडाचे अप्पर फीमर, शाफ्ट आणि लोअर फीमर वेगळे आहेत. तपशील जास्त म्हणून एस७२ निवडायचा, असं मात्र करता येत नाही. एम८० मध्ये उपचाराचा टप्पा सांगणारी शेवटची, सातवी अक्षरंही कमीच आहेत, बी-सी वगैरे उघड्या जखमांची अक्षरं तिथे नाहीत.

पैशाचा प्रश्न टीममध्ये निघतोच, म्हणून सांगते. या बाईला नेल टाकलाय, त्यामुळे एस७२ घ्या किंवा एम८०, डीआरजी (रुग्णालयाला पैसे ज्यावरून मिळतात तो गट) ४८० ते ४८२ याच गटात जाते. कुठल्या क्रमांकावर, ते सोबतच्या गुंतागुंतीवर ठरतं. शस्त्रक्रियाच झाली नसती तर मात्र फरक पडला असता: एस७२ ने ५३५-५३६, एम८० ने ५४२ ते ५४४. म्हणून पैशाकडे बघून कोड ठरवायचा नाही, आणि क्वेरीत तर पैशाचा उल्लेखही करायचा नाही.

अस्थिवैद्य

चार्टवाली, तुम्ही मान आणि ट्रोकॅन्टरचा उल्लेख केलात म्हणून थोडं विस्तारानं लिहितो, कारण 'हिप फ्रॅक्चर' एवढंच लिहून मोकळे होणारे आमच्यातही पुष्कळ आहेत.

फीमरची मान सांध्याच्या कॅप्सूलच्या (आवरणाच्या) आत असते. डोक्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक धमन्या, मुख्यतः मीडियल सर्कमफ्लेक्स धमनीच्या फांद्या, मानेला लगटून वर जातात. मान मोडून तुकडे सरकले तर या फांद्या तुटतात, डोकं हळूहळू निर्जीव होऊ शकतं. म्हातारपणी अशा वेळी जोडाजोड करण्यापेक्षा आम्ही डोकंच बदलतो, अर्धा सांधा किंवा पूर्ण. ट्रोकॅन्टरपाशी मोडलं तर ते कॅप्सूलच्या बाहेर आहे, रक्तपुरवठा भरपूर, हाड जुळतं. तिथे अडचण असते ती भार पेलण्याची, म्हणून नेल किंवा डीएचएस (प्लेट आणि मोठा स्क्रू). लेसर (धाकट्या) ट्रोकॅन्टरच्या खालच्या सुमारे ५ सेंटिमीटर पट्ट्याला आम्ही सबट्रोकॅन्टरिक म्हणतो. तिथे स्नायू तुकड्यांना दोन्हीकडून ओढतात, ते फ्रॅक्चर सगळ्यांत हट्टी.

म्हणजे जागा बदलली की आजार बदलतो, शस्त्रक्रिया बदलते. 'हिप फ्रॅक्चर' लिहिल्यावर तुम्ही काय करता?

रानवारा

'हिप फ्रॅक्चर' एवढंच असेल तर एस७२.०० मध्ये जातं, मानेचा अनिर्दिष्ट भाग. म्हणजे तुमचा ट्रोकॅन्टरचा रुग्ण आमच्याकडे मानेचा होऊन बसतो.

एक सवलत आहे. डॉक्टरनी फ्रॅक्चरचं निदान लिहिलेलं असेल आणि फक्त नेमकी जागा नसेल, तर ती रेडिओलॉजीच्या रिपोर्टमधून घेता येते. पण उलटं नाही. इनपेशंट चार्टमध्ये रेडिओलॉजिस्टनं फ्रॅक्चर म्हटलंय आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनी कुठेच नाही, तर विचारावंच लागतं.

नवी पालवी

मी नुकतीच सीपीसी (कोडिंगची परीक्षा) पास झाले. माझं अडतं ते सातव्या अक्षरावर. पेशंट दुसऱ्या रुग्णालयातून आला, आमचे डॉक्टर त्याला पहिल्यांदाच बघताहेत, म्हणून 'ए' ना? 'ए' म्हणजे इनिशियल.

रानवारा

नाही. 'पहिली भेट' हा अर्थ डोक्यातून काढून टाका. सक्रिय उपचार चालू आहे का, एवढंच बघायचं. इमर्जन्सीत आला, शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या सर्जनकडे पाठवला आणि त्यांनी पुढचा उपचार ठरवला, तर तिन्ही ठिकाणी 'ए'. हाड भरून येण्याच्या काळात एक्स-रेला आला, प्लास्टर बदललं, रॉड काढायला आला, की 'डी', मग डॉक्टर नवे असोत.

हाड जुळलंच नाही तर 'के', वाकडं जुळलं तर 'पी', उशिरा जुळतंय तर 'जी'. ही बंद फ्रॅक्चरची अक्षरं. उघड्याची वेगळी. मात्र रुग्ण मुळात उशिरानं पहिल्यांदाच उपचाराला आला असेल, तर 'ए'च. नेल तुटला किंवा त्याला इन्फेक्शन झालं, तर ती इम्प्लांटची गुंतागुंत, टी८४ मध्ये बघा. आणि फ्रॅक्चरनंतरच्या देखभालीला आफ्टरकेअरचे झेड कोड लावू नका, सातवं अक्षर त्याचसाठी आहे.

नवी पालवी

आणि उघडं फ्रॅक्चर, पण गुस्टिलो ग्रेड (उघड्या फ्रॅक्चरची तीव्रता) लिहिलाच नसेल तर?

रानवारा

नुसतं 'ओपन' असेल तर 'बी', तोच टाइप १ आणि २चा. 'सी' हवा तर ३ए, ३बी किंवा ३सी लिहिलेलं पाहिजे. जखमेची मापं वाचून ग्रेड आपण ठरवायचा नाही. उघडं की बंद हेच नसेल तर बंद धरायचं. सरकलेलं की न सरकलेलं हे नसेल तर सरकलेलं.

अस्थिवैद्य

ग्रेडबद्दल एक सांगतो. इमर्जन्सीत दिलेला ग्रेड बऱ्याचदा थिएटरमध्ये बदलतो. जखम धुऊन, मेलेला भाग काढल्यावरच आत किती नुकसान आहे ते दिसतं. १ सेंटिमीटरपेक्षा लहान दिसणाऱ्या जखमेखाली स्नायूंचा चेंदामेंदा असू शकतो. म्हणून ऑप नोटमधला ग्रेड शोधा.

पर्णिका

सरकलेलं-न सरकलेलंचा मुद्दा निघाला म्हणून थांबवते, कारण हा डिफॉल्ट लोक डोळे मिटून वापरतात आणि प्रोसिजरचा कोड चुकवतात.

पीसीएसच्या गाइडलाइनप्रमाणे सरकलेलं हाड जागेवर आणलं तर रूट ऑपरेशन (मूळ प्रक्रिया) रिपोझिशन. न सरकलेल्या फ्रॅक्चरमध्ये नुसते स्क्रू घातले तर इन्सर्शन. आता कल्पना करा: सर्जननी मानेत तीन कॅन्युलेटेड स्क्रू घातलेत, रिडक्शनचा उल्लेख नाही, 'डिसप्लेस्ड' नाही आणि 'नॉनडिसप्लेस्ड'ही नाही. डिफॉल्टनं निदान सरकलेलं होतं आणि प्रोसिजर मात्र इन्सर्शन. एकाच चार्टमध्ये दोन कोड एकमेकांच्या विरोधात उभे. इथे डिफॉल्टवर विसंबण्यापेक्षा विचारलेलं चांगलं. गार्डन १ (मानेच्या फ्रॅक्चरची पहिली श्रेणी) लिहिलंय तर वैद्यकीयदृष्ट्या ते न सरकलेलंच, पण मी तरी डॉक्टरकडून तो शब्द घेते.

तुमच्या चार्टमध्ये नेल आहे. फ्रॅक्चरची जागा उघडली का, तेही वाचा. ट्रॅक्शनवर बाहेरून रिडक्शन केलं आणि नेल वरच्या छोट्या छेदातून आत सारला, तर फ्रॅक्चर उघडं केलेलंच नाही. पीसीएसच्या व्याख्येत ओपन म्हणजे शस्त्रक्रियेची जागा उघडी पाडणं. म्हणून पर्क्युटेनियस (त्वचेतून आत), ०क्यूएस७३६झेड. सर्जनच्या बिलासाठी सीपीटी (डॉक्टरांच्या कामाचे कोड) २७२४५, तिथे रिडक्शन उघडून केलं की बाहेरून, यानं फरक पडत नाही.

अस्थिवैद्य

आणखी एक प्रकार तुमच्या नजरेत राहायला हवा, कारण त्यातही अ‍ॅलेंड्रोनेट असतं. कित्येक वर्षं बिसफॉस्फोनेट (याच गटातली औषधं) घेणाऱ्यांत क्वचित मांडीचं हाड ट्रोकॅन्टरच्या खाली किंवा दांड्यात आडवं तडकतं. रुग्ण सांगतो, आधी कित्येक आठवडे मांडी दुखत होती. एक्स-रेत बाहेरच्या बाजूचं कॉर्टेक्स (हाडाचं कठीण कवच) जाड होऊन चोचीसारखं दिसतं. हे अटिपिकल फीमर फ्रॅक्चर. इथे गोळी बंद करावी लागते, दुसऱ्या मांडीचाही फोटो काढावा लागतो. ठिसूळ हाडाच्या नेहमीच्या फ्रॅक्चरमध्ये आपण बरोबर उलट, औषध चालू करतो.

पर्णिका

त्याला वेगळा कोड आहे, एम८४.७५ची मालिका, ऑक्टोबर २०१६पासून. पण डॉक्टरनी 'अटिपिकल' लिहिलं तरच. सोबत झेड७९.८३, बिसफॉस्फोनेटच्या दीर्घकाळ वापराचा.

मोडी-वही

मी विदर्भातल्या एका रुग्णालयात मेडिकल रेकॉर्ड विभागात आहे. आम्ही आयसीडी-१० वापरतो, पण आमच्याकडे सात अक्षरं नाहीतच. हे सगळं आम्हाला लागू होतं का?

रानवारा

तुमचं जागतिक आरोग्य संघटनेचं पुस्तक आहे, अमेरिकेनं त्यावरून स्वतःची वाढीव आवृत्ती केली आणि १ ऑक्टोबर २०१५पासून वापरायला घेतली. तुमच्याकडे एस७२.०, एस७२.१ असे चारच अंक, हवं तर पाचवा: ० बंद, १ उघडं. डावं-उजवं नाही. एम८० बघताना मात्र जपा. अमेरिकी आवृत्तीत एम८०.० म्हणजे वयोमानानुसार आलेला ऑस्टिओपोरोसिस आणि फ्रॅक्चर. तुमच्या पुस्तकात एम८०.० रजोनिवृत्तीनंतरचा आहे. इथले कोड उचलून तिथे लावू नका.

चार्टवाली

आमच्या क्लायंटचं धोरण काढून बघितलं. संबंध लिहिलेला नसेल तर क्वेरी करा, असंच आहे. मग हा मसुदा केलाय:

"७५ वर्षांची रुग्ण, स्वयंपाकघरात उभ्या स्थितीतून पडून डाव्या फीमरचं इंटरट्रोकॅन्टरिक फ्रॅक्चर. हिस्टरीत ऑस्टिओपोरोसिस, घरी अ‍ॅलेंड्रोनेट चालू. हे ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेलं पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर आहे, याला कृपया दुजोरा द्यावा."

पर्णिका

पहिला भाग उत्तम आहे, चार्टमधल्या नोंदी जशाच्या तशा दिल्यात. शेवटचं वाक्य बदला. 'दुजोरा द्यावा' म्हटलं की उत्तर तुम्हीच त्यांच्या तोंडी घातलं, याला लीडिंग क्वेरी म्हणतात. पर्याय द्या:

आपल्या वैद्यकीय मतानुसार या फ्रॅक्चरचं स्वरूप कृपया नोंदवावं:
– ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेलं फ्रॅक्चर
– इजेमुळे झालेलं फ्रॅक्चर, ऑस्टिओपोरोसिसशी संबंध नाही
– अन्य (स्पष्ट करावं)
– सांगता येत नाही

खाली दुसरा प्रश्न: फ्रॅक्चर डिसप्लेस्ड होतं की नॉनडिसप्लेस्ड? दोन्ही एकदमच विचारा, सर्जनला पुन्हा पुन्हा गाठावं लागत नाही.

अस्थिवैद्य

अशी क्वेरी मला आली तर राउंड संपायच्या आत उत्तर देईन. आणि तिचा मला फायदाच होईल. पहिल्या पर्यायावर खूण करताना लक्षात येईल की डिस्चार्जच्या कागदावर हाडाच्या उपचाराबद्दल मी काही लिहिलेलंच नाही. ही बाई अ‍ॅलेंड्रोनेट घेत असताना हाड मोडलंय. म्हणजे गोळी नीट घेतली जात होती का, व्हिटॅमिन डी किती आहे, औषध बदलायचं का, हे कुणीतरी बघायलाच हवं. नाहीतर आम्ही नेल टाकून घरी पाठवतो आणि पुढच्या वेळी ती दुसरी बाजू मोडून येते. असे रुग्ण मी पाहिलेत, आणि दर वेळी वाटतं, पहिल्याच कागदावर दोन ओळी जास्त असत्या तर.

चार्टवाली

क्वेरी पाठवली. आत्ताच उत्तर आलं: पहिला पर्याय, डिसप्लेस्ड, ट्रॅक्शनवर क्लोज्ड रिडक्शन. म्हणजे एम८०.०५२ए आणि ०क्यूएस७३६झेड. सर्जननी डिस्चार्ज समरीला पुरवणी जोडून एंडोक्रायनॉलॉजीकडे पाठवल्याची नोंदही केलीय.